मागचे पाटे

लोहामंडीच्या मागच्या गल्लीत
हिरवी दोन सीटांची गाडी सपाट फरशीवर उभी करून
इद्रिस उस्तादांनी टेप लावली,
चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंत.
उजवीकडे सव्वा चौदा.
डावीकडे साडेतेरा.
"डावी कमानी बसलीये, बाई."
(ते कमानी म्हणतात, मुकुंद पाटे,
सुयोग लीफ.)

मी गप्प. एकतीस वर्षं
डावीकडे मीच तर बसत आले.
मांडीवर डबा, थर्मास,
एकदा तर शिवणयंत्राचं डोकं,
महूपर्यंत आणि परत.
मनातल्या मनात वजनकाट्यावर चढून
थोडी ओशाळले.

सुयोगच्या फोनमध्ये विलायती पाटे आहेत,
निळे, कडक,
गाडीला दीड इंच खाली बसवणारे.
"मामी, वळणावर काय चिकटेल रस्त्याला!"
चिकटेल की.
आमच्या कॉलनीच्या तोंडाशी निगमवाल्यांनी
जो गतिरोधक घातलाय, त्यालाही चिकटेल,
सायलेन्सरसकट.

घरून, कमरेला पट्टा बांधलेला मुकुंद
फोनवर ओरडतो:
"मूळचेच बसव! सहा पट्ट्यांचे!
मापं वहीत आहेत, पान चाळीस!"
पान चाळीसवर आहेत, सुरेख अक्षरात.
पण ती मापं तेव्हाच्या रस्त्यांची
आणि तेव्हाच्या मुकुंदची.

उस्ताद स्टुलावर बसले.
रामबागेत शिकलेल्या मराठीत विचारू लागले,
"चालवणार कोण?"
मी. गेल्या श्रावणात लायसन्स काढलं, एकसष्टाव्या वर्षी.
"शेजारी?"
तो.
"डिक्कीत?"
घडीचा वॉकर, चटई, शेकायची पिशवी.
"स्पीड?"
चाळीस. सिमरोलच्या उतारावर तीस.

"मग ऐका. कडक कमानी खड्डा स्वतः गिळत नाही,
वरच्या माणसाच्या हवाली करते."
आणि मऊ?
"मऊ हो हो म्हणत जाते तळापर्यंत.
मग एकच दणका. पण पुरा."

शेजारच्या दुकानातून शरबती गव्हाचं
एक पोतं आणि एक अर्धं मागवलं,
मुकुंदच्या जागी बसवलं, बेल्ट लावून.
मी स्टिअरिंगमागे.
उस्ताद वाकून पाहत राहिले,
गाडीकडे कमी, रिकाम्या जागेकडे जास्त:
चाक आणि पत्रा यांच्यामधली.

मग जुडगं सुटलं. तिसरी पट्टी बाद.
तिच्या जागी थोडी पातळ,
भट्टीतून नारिंगी होऊन आली,
घणाखाली वाकली, तेलात गेली, चर्र.
पट्टीपट्टीमध्ये नायलॉनच्या चकत्या,
लोखंडानं लोखंड खाऊ नये म्हणून.
डॉक्टरांनी एक्स-रेवर पेन टेकवून
अशाच चकत्या दाखवल्या होत्या.
म्हणाले होते, ह्या बाजारात मिळत नाहीत.
इथं आठ रुपयाला एक. मी उगाच चार जास्त घेतल्या.

निघताना विचारलंच,
"डावा पाटा माझ्यामुळे ना बसला?"
उस्ताद मनापासून हसले.
"रस्ता डावीकडे उतरता असतो, बाई,
पाणी गटारात जावं म्हणून.
हर गाडीची डावी आधी थकते.
तुमचं वजन ते काय!"
सुटल्यासारखं वाटलं,
आणि, खोटं कशाला, जरा रागही आला.
एकतीस वर्षं, आणि लोखंडावर
माझी काही नोंदच नाही.

चौथ्या दिवशी मुकुंद बसला.
आधी कंबर, मग एक पाय, मग उरलेला.
गतिरोधकाशी मी दुसरा गिअर टाकला,
त्याच्याकडे पाहिलं नाही.
गाडी वर गेली, खाली आली,
एकदाच, सावकाश,
जशी शहाणी बाई ओटीवरून उतरते.

तो काही बोलला नाही. राऊ आलं.
"पाव इंच उंच झालीय," म्हणाला.
मग बऱ्याच वेळानं,
मांडीखालून काहीतरी चिमटीत धरून:
"गहू कुणी सांडले इथं?"